चाचांचा पाय आणि दहा मिलीअँपिअर

आमच्या घरी अगदी शांत असतं, असं मी दातार सरांना सांगितलं तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचा प्रकार ऐकला की लोक हसतात आणि मला लबाड समजतात. आमचं घर बेगडेवाडीला होतं. एकामागे एक तीन खोल्या, पुढे ओटा, मागे परसात चूल आणि पाण्याचा हौद. ओट्यावरून उतरून सरळ चाळीस पावलं चाललं की रेल्वेची लाइन. घरातली भांडी फळीवर जरा आत सरकवूनच ठेवायची, एवढाच त्या लाइनीचा आम्हाला उपद्रव. गाडी आली की आम्ही बोलता बोलता थांबायचो आणि ती गेली की तेच वाक्य पुढे चालू करायचो. पाहुणे मात्र दचकून इकडेतिकडे बघायचे. त्यांना काय झालं, हे आम्हाला कळायचं नाही.

घरात आम्ही चौघं. अब्बांचं वडगावला कोर्टाच्या मागच्या गल्लीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. मावळातल्या शेतकऱ्यांचे जळके पंप तिथे यायचे आणि तांब्याची नवी तार गुंडाळून परत जायचे. अम्मी घर सांभाळायची आणि बोलणंही तिचंच जास्त असायचं. तिसरे चाचा, अब्बांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं. तरुणपणी ते बोरघाटातून ट्रक चालवायचे. एकदा ट्रक उलटला आणि त्यांच्या डाव्या मांडीत पुण्याच्या डॉक्टरांनी सळई घातली. तेव्हापासून ते घरीच असत, आणि पाऊस येणार की नाही हे पायावरून सांगत. दहातून पाच वेळा बरोबर यायचं, आणि त्या पाच वेळांची आठवण ते आम्हाला वर्षभर करून देत. चौथी मी. नुकताच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, आणि त्याचा सगळ्यांना विसर पडू न देणारी.

माझ्या डिप्लोम्याचं कौतुक अब्बांनी वडगावात इतकं केलं होतं, की तहसील कचेरीतले शिपाईसुद्धा मला "काय बाई, लागलं का काम?" असं विचारायचे. काम लागत नव्हतं. शेवटी लोणावळ्याच्या दातार सरांनी मला तीन महिन्यांसाठी घेतलं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. चिक्कीच्या एका कारखान्यामागे दोन खोल्यांत ते चुंबकत्व मोजायची उपकरणं बनवायचे. वरच्या मजल्यावर राहायचे, खाली काम करायचे, आणि दिवसभर गुळाच्या पाकाचा वास घ्यायचे. इतका, की त्यांना गोड खावंसं कधी वाटलंच नाही. तीन महिन्यांत मी एक डबा बनवायचा, तो पास झाला तर मी कायम, नाहीतर हात जोडून नमस्कार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते काम हवं होतं. आयुष्यात त्याआधी मला एवढी कशाचीच हाव सुटली नव्हती.

डबा काय होता ते थोडक्यात सांगते. चुंबकत्व ओळखणारी एक चकती असते, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यातून वीज सोडली की आसपास चुंबकत्व किती आहे ते ती आकड्यात सांगते. पण तिची एक खोड आहे. विजेचा प्रवाह जरा कमीजास्त झाला की तिचा आकडाही बदलतो. मग चुंबकत्व बदललं की आपलीच वीज डळमळली, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून तिला प्रवाह द्यायचा तो एकसारखा. दहा मिलीअँपिअर म्हणजे दहा. ऊन असो, पाऊस असो, घरातली वीज चढो की उतरो, दहाच. तो प्रवाह देणारा डबा मी बनवला होता. आज माझ्या नातीच्या मोबाइलमध्ये असल्या चकत्या बसलेल्या आहेत आणि ती त्यावर उत्तर दिशा शोधते. त्या चकतीला कोण किती जपून जेवू घालतं याची तिला कल्पना नाही, आणि मी सांगायला लागले की ती उत्तरेकडे निघून जाते.

डबा एका संस्थेला हवा होता. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास चालायचा. तिथले साहेब येऊन पाहणार होते, आणि त्याआधी डबा पंधरा दिवस सलग चालवून त्याची नोंदवही ठेवायची होती. चिक्कीच्या कारखान्यामागे ते शक्य नव्हतं. तिकडे लोखंडी कढया सरकायच्या, पत्र्याचे डबे ढकलगाडीवरून जायचे, आणि दर वेळी मीटरवरचा लाल आकडा उडी मारायचा. सरांनी विचारलं, "नसीम, तुमच्याकडे जागा शांत आहे का? मोठं लोखंड हलत नाही ना आसपास?"

मी म्हणाले, "नाही सर. आमच्याकडे काहीच हलत नाही."

सरांनी मला एक जाड वही दिली. वहीचे नियम त्यांनी दोनदा सांगितले. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. चुकलं तर खाली लिहायचं की चुकलं, आणि का चुकलं. प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या हव्यात, एक बघणाऱ्याची आणि एक साक्षीदाराची. "तो साहेब डब्याआधी वही बघतो," सर म्हणाले.

डबा मी मांडीवर घेऊन लोकलने घरी आणला. मधल्या खोलीत लाकडी स्टुलावर डबा आणि आकडे दाखवणारा मीटर, आणि जरा दूर, वेताच्या काठीच्या टोकाला चकती, अशी मांडणी केली. पहिल्या दिवशी आकडा तासभर जागचा हलला नाही. अब्बा समोर मांडी घालून बसले होते. ते म्हणाले, "मुडदा पडल्यावानी पडलाय की." त्यांच्या बोलण्यात ती शाबासकी होती. त्यांनी साक्षीदार म्हणून पहिली सही केली, खाली दुकानाचा शिक्काही मारला, आणि पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं तोच आकडा वर उडाला. पावणेदोन मिनिटं वरखाली नाचला आणि परत जागेवर आला. मग अब्बांनी आपलं वाक्य पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी तो अकरा वेळा उडाला. मी डबा उघडला, प्रत्येक टाका पुन्हा मारला, डबा बंद केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. मी रडकुंडीला येऊन स्टेशनवरून सरांना फोन लावला. सर म्हणाले, घरात लोखंड हलतंय का बघ. तिथून आमच्या घराचे हाल सुरू झाले.

मी घरातलं लोखंड हद्दपार केलं. अम्मीचा तवा गेला, विळी गेली, अडकित्ता गेला, अब्बांची हत्यारांची पेटी परसात गेली, लोखंडी पलंग चौघांनी धरून ओट्यावर काढला. अम्मीच्या पदराची पिन काढून घेतली तेव्हा ती पदर दातात धरून स्वयंपाक करू लागली, त्यामुळे तिचं बोलणं कमी झालं, आणि अब्बा म्हणाले की यंत्र आपल्याला मानवलं. भाकरी खापरावर व्हायच्या, तांदळाच्या, आणि मधूनच तडकायच्या. भाजी हाताने तोडून. दुधी भोपळा हाताने तोडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, आणि ती तेव्हा माझ्याकडेच बघत होती. इतकं करूनही आकडा उडतच होता.

मग मी दिवसभर वहीसमोर बसून घरातल्या माणसांच्या हालचाली लिहायला लागले. अम्मी परसात गेली, आकडा स्थिर. अब्बा दुकानाला निघाले, आकडा स्थिर. चाचा उठून ओट्यावर गेले, आकडा उडाला. मी पेन थांबवलं. तासाभराने चाचा पुन्हा उठले आणि लंगडत माझ्या स्टुलाजवळून ओट्यावर गेले. आकडा उडाला. दुपारी तिसऱ्यांदा तेच. चाचांच्या मांडीत वीतभर सळई होती, आणि ती सळई चकतीपासून दोन हातांवरून जात होती. इतके दिवस मी पिना गोळा करत होते.

वाचणाऱ्याच्या मनात एव्हाना आलंच असेल, की चाचा त्याच वेळी का उठायचे. मला तो प्रश्न पडला नाही. चाचा ट्रकवाले होते, त्यांना धावती चाकं बघायचा नाद होता. गाडी आली की ते ओट्यावर जाऊन डबे मोजायचे आणि गेली की आत येऊन बसायचे. हे ते माझ्या लहानपणापासून करत आले होते, त्यामुळे मला ते दिसत नव्हतं. पाय तेवढा दिसत होता.

जेवताना मी विषय काढला. आधी आडवळणाने, मग सरळ. अब्बा भाकरीकडे बघत राहिले. चाचा हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

"म्हंजे माज्या पायामुळं तुजं मशीन बिघडतंय?"

"बिघडत नाही चाचा. त्याला तुमचा पाय कळतो."

"मग चांगलंच हाय की. डॉक्टरलाबी येवढा कळला न्हवता."

"साहेब येईपर्यंत, आठ-दहा दिवस, तुम्ही दुसरीकडे राहिलात तर..."

तेव्हा त्यांचं हसू गेलं. त्यांनी ताटात हात धुतला, उठले, आणि वळकटी बांधायला लागले. अम्मीने पदर दातातून सोडला आणि मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. चाचा तिला म्हणाले, "राहू दे भाबी. पोरीच्या कामाचा सवाल हाय." दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारच्या आधीच ते लाइनीपलीकडे तुकाभाऊंच्या घरी गेले. तुकाभाऊ म्हणजे पलीकडचे शेतकरी, भाताची चार खाचरं आणि दोन म्हशी असलेले, चाचांचे जुने दोस्त. शिरगावच्या वाटेवर त्यांचं घर होतं. त्यांनी चाचांना पडवीत खाट दिली आणि गावात सांगितलं, की शेखांच्या पोरीनं चुलत्याला लोखंडाच्या भावात मोडीत काढला.

आणि त्या रविवारी दुपारी आकडा हलला नाही. एकदाही नाही. बारापासून दीडपर्यंत मी डोळे न मिटता बसले होते. दीड वाजता मी वहीत चांगल्या अक्षरात लिहिलं: "चाचांना घराबाहेर हलवले. आकडा स्थिर." अब्बांनी सही केली, पण शिक्का मारला नाही. मला इतका आनंद झाला होता, की मी हसत परसात गेले. अम्मी चुलीपाशी कपाळाला हात लावून बसली होती. भात लागला होता, इंद्रायणीचा, घरभर धूर. मी तिला म्हणाले की अम्मी, बघ, मी म्हणत होते ना. ती म्हणाली, "हो. चाचाला घालवलंस, आता भातपण घालव." या वाक्याचा अर्थ लावायची मला तेव्हा गरज वाटली नाही.

सोमवारी सकाळी आकडा उडाला. मी दारात धावत गेले, वाटलं चाचा परत आले असतील. ओट्यावर कोणी नव्हतं. दुपारपर्यंत तो आणखी पाच वेळा उडाला. आता घरात मी आणि अम्मी दोघीच होतो, म्हणून मी तिच्याकडे संशयाने बघायला लागले. तिला पायात जोडवी आहेत का विचारलं. तिच्या दाढेत चांदी भरलेली होती, त्याबद्दलही विचारलं. मग वही घेऊन चुलीपाशीच बसले आणि तिला मोठ्याने वाचून दाखवू लागले, तिला काही आठवतं का म्हणून.

"नऊ चाळीसला उडाला. तेव्हा तू काय करत होतीस?"

"डाळ चढवत होते."

"अकरा पाचला?"

"डाळ उतरवली. तांदूळ धुतले."

"पावणेबाराला?"

"भात टाकला."

"बारा वीसला?"

"भात उतरवला." अम्मी थांबली. फुंकणी खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "तू माझा स्वयंपाक का लिहून ठेवलास गं?"

मी म्हणाले, हा स्वयंपाक नाही, आकडा आहे. ती म्हणाली, असेल, पण मी घड्याळ बघून स्वयंपाक करत नाही. खाली जाणाऱ्या लोकलला भात टाकते, वर जाणाऱ्या लोकलला उतरवते. बावीस वर्षं हेच करते. "काल रूळ बदलायचं काम होतं, गाड्या बंद होत्या. म्हणून तर भात लागला."

अम्मीने पुन्हा फुंकणी उचलली. मी अम्मीच्या पदराची पिन काढून घेतली होती. मी सुईदोऱ्याची डबी परसात पुरून ठेवली होती. आणि दारासमोरून दिवसभर लोखंडाची गाडीच्या गाडी जात होती, ती मला दिसली नव्हती. गाडीचं लोखंड तर निमित्त. त्या काळी आमच्या लाइनीवर गाड्यांना एकाच दिशेने वाहणारी वीज लागायची, माझ्या डब्यात होती त्याच जातीची, फक्त दहा मिलीअँपिअर नव्हे, शेकड्यांनी अँपिअर. ती वरच्या तारेतून धावली की भोवती चुंबकत्व उठतं. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहून पूर्ण मार्क मिळवले होते.

खात्री करायला मी एक साधी गोष्ट केली. चकती काढली आणि तिच्या जागी एक साधा रेझिस्टर लावला, ज्याला चुंबकत्वाशी काही देणंघेणं नसतं, फक्त प्रवाहाशी असतं. पुढची गाडी आली, फळीवरची भांडी थरथरली, आणि आकडा जागचा हलला नाही. पुन्हा चकती लावली, त्यापुढची गाडी आली, आकडा उडाला. म्हणजे माझा प्रवाह पहिल्या दिवसापासून दहाच होता. मी स्टुलाला धरून अक्षरशः नाचले, मग मला चाचा आठवले आणि मी नाचायची थांबले.

मी लाइन ओलांडून तुकाभाऊंकडे गेले. चाचा पडवीत बाजेवर बसून म्हशीला चारा घालत होते. मी सगळं सांगितलं, घरी चला म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे पायाचं काय न्हाई?"

"नाही चाचा. गाडी होती."

"आज गाडी म्हन्तीस. उद्या आनि काय झालं की पुन्यांदा माजा पाय. आधी त्याला मोजून घे."

तुकाभाऊ म्हणाले, "व्हय, मोजूनच घे. माज्या म्हशीबी बावरल्यात."

चाचा माझ्याबरोबर आले, पण ओट्यावर चप्पल काढली नाही, पाहुण्यासारखे दारातून विचारून आत आले. लेंगा वर करून त्यांनी मांडी चकतीला अगदी चिकटवली. जखमेचा पांढरा व्रण काठीच्या टोकाला टेकला. ते, अम्मी आणि मी, तिघंही आकड्याकडे बघत होतो. आकडा हलला नाही. त्यांनी पाय मागे घेतला, पुढे केला. शेवटचा अंकसुद्धा ढिम्म. पुढे मला कळलं, की शरीरात घालतात ते पोलाद वेगळ्या जातीचं असतं, चुंबक त्याला विचारतही नाही. डिप्लोम्यात ते नव्हतं, आणि मोजून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं, ते मी काढलं नव्हतं.

मला वाटलं चाचांना आनंद होईल. ते लेंगा खाली करत म्हणाले, "कायबी न्हाई निगालं." मग जरा वेळाने, "म्हंजे उगाचच." आणि परत तुकाभाऊंकडे गेले. अब्बा संध्याकाळी बोलवायला गेले तरी आले नाहीत. अम्मीने जेवणाचा डबा पाठवला तो रिकामा परत आला, तेवढंच समाधान.

त्या दिवशी मी वहीत दुरुस्ती लिहिली. लिहायच्या आधी रविवारचं पान दोन बोटांत धरून बसले होते, हे आता कबूल करते. फाडलं असतं तर शिवणीत फक्त एक धागा दिसला असता. माझं काम त्या वहीवर अवलंबून होतं आणि त्या पानावर मी मूर्ख दिसत होते, शिवाय वाईटही. का फाडलं नाही ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा सरांची भीती. खाली दुरुस्ती लिहिली, माझी सही केली. साक्षीदाराच्या जागी अब्बांनी सही केली नाही. "त्ये माजं न्हाई," एवढंच म्हणाले.

पंधराव्या दिवशी सर आणि संस्थेचे साहेब सकाळच्या लोकलने आले. साहेब उंच, बारीक, बोलायला कंजूस. ओट्यावर पाय ठेवण्याआधी त्यांनी मागे वळून लाइनीकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी फोनवर सांगितलं होतं, तरी चाळीस पावलं ही चाळीसच असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. अम्मीने तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं, साहेबांसाठी वेगळी आमटी. वासाने तुकाभाऊ आले आणि त्यांच्यामागे, लांब उभे राहून, चाचाही.

मी म्हणाले, "साहेब, डबा स्थिर आहे. हलतं ते बाहेर हलतं. नऊ चाळीसच्या लोकलला आकडा वर जाईल, तुम्ही बघा." साहेबांनी घड्याळ काढून हातात धरलं. नऊ चाळीस झाले. आकडा तसाच. पंचेचाळीस. पन्नास. जी गाडी पंधरा दिवस माझ्यामागे हात धुऊन लागली होती, ती नेमकी आज आली नव्हती. सरांनी चष्मा पुसायला काढला. साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं, आणि तेवढ्यात आकडा उडाला. लाइनीवर मात्र काहीच नव्हतं, ना आवाज, ना थरथर.

"गाडी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता घोरावाडी स्टेशन सोडलं. तारेतली वीज तिच्या आधी पोचते," मी म्हणाले. मला ते माहीत नव्हतं, पण दुसरं काही असू शकत नव्हतं. सगळे कान देऊन उभे राहिलो. भांडी थरथरली आणि लोकल दारासमोरून गेली. तुकाभाऊ म्हणाले, "ह्ये तर लय कामाचं हाय. स्टेशनावर ठेवा." पुढच्या गाडीला मी रेझिस्टर लावून दाखवला, साहेबांनी स्वतः लावून पाहिला, आणि मान हलवली. मला वाटलं झालं. मग त्यांनी वही उघडली.

ते हळूहळू, एकेक पान वाचत गेले. रविवारच्या पानावर थांबले आणि मोठ्याने वाचलं, "चाचांना घराबाहेर हलवले. आकडा स्थिर." त्यांनी वर पाहिलं. "चाचा हे कोणतं उपकरण?"

अब्बा जमिनीकडे बघायला लागले. दारातून आवाज आला, "मीच त्ये."

साहेबांनी चाचांकडे पाहिलं, मग पान उलटलं. "दुरुस्ती लिहिली आहे, हे चांगलं केलं. पण खाली साक्षीदाराची सही नाही. नोंद अपुरी आहे. अपुऱ्या वहीवर मी सही करत नाही." ते रागावले नव्हते. त्यांच्या लेखी मीटरला एक स्क्रू कमी होता. अब्बा पुढे सरकले तशी मीच मानेने नको म्हटलं. ती सही त्यांनी द्यायची नव्हती.

चाचा आत आले. या वेळी ओट्यावर चप्पल काढून. "काय लिवलंय त्यात?" त्यांनी मला विचारलं. त्यांना वाचता येत होतं, सहीपुरतं आणि पाटीपुरतं.

मी वाचलं. "चाचांच्या पायाचा आकड्याशी काहीही संबंध नाही. पाय तपासून पाहिला, आकडा हलला नाही. न तपासता त्यांना घरातून जायला सांगितले. चूक माझी."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"त्ये शेवटचं."

"चूक माझी, चाचा."

त्यांनी पेन घेतलं, खाली बसले, दुखरा पाय लांब केला, आणि पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एकेक अक्षर दाबून लिहिलं. लिहून झाल्यावर वही साहेबांकडे न देता माझ्याकडे दिली. मग मागे वळून म्हणाले, "भाबी, माजी वळकटी आनू का?"

चुलीवरची आमटी तशीच ठेवून अम्मी ओट्यावरून उतरली आणि पदर सावरत लाइनीकडे चालायला लागली. मागून चाचा लंगडत निघाले, "भाबी, थांब, मी आनतो की," म्हणत. ती थांबली नाही. पलीकडून ती वळकटी डोक्यावर घेऊन परत येताना मला दारातून दिसत होती. माझ्या शेजारी उभे राहून सर मला काहीतरी सांगत होते. त्यांनी ते तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला कळलं, की साहेबांनी सही केली आहे आणि सोमवारपासून मी कायम आहे.